शीर उलटी लावायची की झडपा तोडायच्या?

डावा हात सैल सोडा आणि खुर्चीवरून खाली लोंबू द्या. अंक उजव्या हातात धरा, वाचन थांबवायचं नाही. अर्ध्या मिनिटात पंजाच्या मागच्या बाजूला निळसर-हिरव्या रेषा वर येतील. आल्या? आता तोच हात डोक्याच्या वर न्या. गेल्या!

त्या तुमच्या शिरा. हात खाली असताना त्यांत रक्त साचलं, वर नेल्यावर ते हृदयाकडे उतरलं आणि शिरा चपट्या झाल्या. नीट दिसल्या नसतील तर काळजी नको. लहान मुलांच्या शिरा कातडीखालच्या चरबीत दडलेल्या असतात. पुढच्या प्रयोगाला तर आजी किंवा आजोबाच हवेत, कारण त्यांच्या हातावरच्या शिरा झकास दिसतात. आधी विचारा मात्र. "आबा, पाच मिनिटं हात देता का? टोचणार नाही काही," एवढं सांगितलं की सहसा मिळतो.

आबांच्या मनगटाच्या वर, कोपराकडे जाणारी एखादी जाड, सरळ शीर निवडा. तिच्यावर एक बोट दाबून ठेवा. दुसऱ्या बोटानं तिथून कोपराच्या दिशेनं रक्त पुढे सारा आणि मग हे दुसरं बोट उचला. पहिलं तसंच दाबलेलं राहू द्या. काय दिसतं? शिरेचा एक तुकडा रिकामा, सपाट. वरच्या भागात रक्त आहे, पण ते मागे येत नाही. मधे काहीतरी त्याला अडवतंय. आता पहिलं बोट उचला. रिकामा तुकडा झटकन भरला, आणि भरला तो खालून, पंजाच्या बाजूनं. पहिल्या खेपेला जमलं नाही तर दुसरी शीर घ्या. अडवणारी ती जागा शिरेत कुठे असेल याचा नेम नसतो.

हाच प्रयोग इंग्लंडच्या विल्यम हार्वे या डॉक्टरनं १६२८ साली आपल्या पुस्तकात चित्रं काढून दाखवला. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. शिरांच्या आत झडपा असतात हे हार्वेच्या आधीच ठाऊक होतं. इटलीतल्या पादुआच्या विद्यापीठात त्याला शिकवणारे फाब्रिसियस यांनी १६०३ मध्ये त्यांवर पुस्तकच छापलं होतं. पण गुरुजींना वाटलं, सगळं रक्त एकदम हातापायांत जाऊन साचू नये म्हणून त्याचा वेग कमी करायला या झडपा आहेत. शिष्यानं विचारलं, मग सगळ्या झडपांची तोंडं हृदयाकडेच का? रक्त गोल फिरतं, हृदयातून धमन्यांवाटे बाहेर जातं आणि शिरांवाटे परत येतं, हे उत्तर त्याला तिथे सापडलं.

या झडपा कशा चालतात हे मुंबईच्या मुलाला सांगायला मला चित्र काढावं लागलं असतं. तुम्ही पनवेलचे, तुम्हाला उघाडी दाखवली की झालं.

पनवेल, उरण, पेण या भागात खाडीलगतची शेतं समुद्राच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. खारं पाणी आत शिरू नये म्हणून शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध घातले. पण बांध घातला की नवी अडचण उभी राहते. पावसाचं पाणी बाहेर कसं जाणार? आषाढात चार दिवस झोडपून पाऊस पडला की भात बुडायचं. म्हणून बांधात ठिकठिकाणी उघाडी ठेवतात. उघाडी म्हणजे खाडीच्या बाजूला वरून टांगलेलं दार. ओहोटी असली की आतलं पाणी दाराला ढकलून बाहेर जातं. भरती आली की खाडीचंच पाणी दारावर दाब देतं आणि ते गच्च मिटतं. माणूस नको, मोटर नको. जे पाणी आत यायला बघतंय तेच स्वतःच्या हातानं दार लावून घेतं! सिडकोनं नवी मुंबई वसवली तेव्हा कळंबोलीसारख्या सखल जागी मोठे साठवण तलाव केले आणि त्यांच्या तोंडाशी याच तत्त्वाची झडपदारं बसवली. दारं सिमेंटकाँक्रीटच्या भिंतीत बसली, युक्ती शेतकऱ्याचीच राहिली.

शिरेतली झडप अशीच आहे. फक्त दार एक नसून दोन पातळ, अर्धचंद्राकृती पदर समोरासमोर असतात. रक्त हृदयाकडे निघालं की पदर बाजूला होतात. मागे घसरायला लागलं की तेच रक्त त्यांत भरतं आणि दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात. पायात तर या झडपांवाचून चालणारच नाही. तुम्ही उभे असता तेव्हा घोट्यातल्या रक्ताला हृदयापर्यंत मीटरभर उंच चढायचं असतं. तुम्ही चालता, पोटरीचे स्नायू आवळले जातात, शिरा दाबल्या जातात आणि रक्त एकेक झडप ओलांडत वर सरकतं.

या सगळ्या शिरांमधली एक आज आपली नायिका आहे. डॉक्टर तिला ग्रेट सफेनस व्हेन म्हणतात, आपण लांब शीर म्हणू, कारण शरीरातली सर्वांत लांब शीर तीच. घोट्याच्या आतल्या बाजूला जे हाड टोकदार लागतं ना, त्याच्या किंचित पुढून ती निघते. पोटरीच्या आतल्या अंगानं वर येते, गुडघ्याला आतून वळसा घालते आणि मांडीतून थेट जांघेपर्यंत जाते. तिथे ती खोलवरच्या मोठ्या शिरेला मिळते. कामोठ्याच्या एमजीएम महाविद्यालयात डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला जाणाऱ्या तुमच्या एखाद्या ताईला विचारा, तिनं ही शीर शरीररचनेच्या वर्गात हातात धरून पाहिली असेल.

गंमत अशी, की एवढी लांब असूनही ती नसली तरी चालतं. पायातलं बहुतेक रक्त स्नायूंच्या आत दडलेल्या खोल शिरा वर नेतात. लांब शीर काढली तर थोडे दिवस पाय सुजतो, आणि मग बाकीच्या शिरा काम वाटून घेतात. म्हणजे प्रत्येकाच्या पायात एक सुटी, ताजी, जिवंत नळी राखीव ठेवलेली आहे. आणि डॉक्टरांना अशा नळीची फार गरज पडते.

कशी, ते बघू. शिरा रक्त परत नेतात, पण पायाला रक्त पोचवतात त्या धमन्या. जांघेत दोन बोटं दाबून ठेवलीत तर मोठ्या धमनीचे ठोके लागतील. ती मांडीतून खाली जाते, गुडघ्याच्या मागून निघते आणि पुढे तिच्या तीन शाखा पाऊल गाठतात. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या हाडाच्या रेषेत, शेवटचा ठोकासुद्धा चाचपता येतो. बघा सापडतो का. (घाई केली की हमखास सापडत नाही.)

वय वाढतं तशी काही माणसांच्या धमन्यांच्या आतल्या भिंतीत चरबी आणि चुना साठायला लागतो. मधुमेह, वाढलेला रक्तदाब, वाढलेलं कोलेस्टेरॉल, आणि सगळ्यांत दुष्ट म्हणजे तंबाखू, हे सगळे त्याला खतपाणी घालतात. वाट अरुंद होत जाते. बसल्या जागी काही जाणवत नाही, कारण आराम करणाऱ्या स्नायूला थोडं रक्त पुरतं. पण आबा वडाळे तलावाला फेरी मारायला निघाले, की पोटरीच्या स्नायूला जास्त रक्त हवं असतं आणि ते मिळत नाही. पोटरीत गोळा येतो. आबा थांबतात, "जरा टेकतो रे" म्हणतात, दोन मिनिटांत गोळा जातो. पुन्हा तेवढंच अंतर, पुन्हा गोळा. आपल्याला वाटतं, वय झालं. पण ठरावीक अंतर चाललं की दुखणं आणि थांबलं की जाणं हे रक्त कमी पडण्याचं लक्षण असू शकतं आणि ते डॉक्टरांना सांगायला हवं.

डॉक्टर पहिली तपासणी अगदी साधी करतात. दंडाचा रक्तदाब मोजतात आणि घोट्याचाही मोजतात. निरोगी माणसाचा घोट्याचा दाब दंडाएवढा किंवा थोडा जास्त असतो. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागायचं, उत्तर ०.९ पेक्षा कमी आलं, की वाटेत कुठेतरी अडथळा आहे असं समजायचं. भागाकार शाळेत का शिकवतात, याचं हे एक बरं उत्तर आहे.

पुष्कळांना तंबाखू सोडून, औषधं घेऊन आणि रोज नेमानं चालून बरं वाटतं. होय, चालूनच! पण काहींची वाट इतकी बंद होते की बसल्या जागी पाय ठणकतो, बोटांवरची जखम भरत नाही, बोट काळं पडायला लागतं. मग पाय वाचवायचा तर रक्ताला दुसरा रस्ता करून द्यावाच लागतो. अडथळ्याच्या वर धमनीला एक नळी जोडायची, ती अडथळ्याला वळसा घालून खाली न्यायची आणि पुढच्या मोकळ्या धमनीला जोडायची. हीच बायपास शस्त्रक्रिया.

पायावरची अशी पहिली बायपास पॅरिसमध्ये ३ जून १९४८ ला झाली. शल्यचिकित्सक होते ज्यां कुन्लँ. त्यांचा रुग्ण ५४ वर्षांचा होता. त्याच्या पायावर आधी शस्त्रक्रिया होऊनही उपयोग झाला नव्हता. खराब धमनीचा तुकडा कापून त्या जागी दुसरी नळी बसवणं ही तोवरची पद्धत होती. कुन्लँनी धमनी कापलीच नाही. तिच्या अंगाला वर एक भोक, खाली एक भोक, आणि मधे त्या माणसाचीच लांब शीर. धमनीतून ज्या छोट्या शाखा अजून चालू होत्या त्या तशाच चालू राहिल्या. हे आज इतकं साधं वाटतं, की आधी कुणाला कसं सुचलं नाही असं वाटावं. साध्या गोष्टींचं नेहमी असंच होतं.

एक मिनिट. भोक पाडून जोडलं म्हणजे शिवलं. रक्तवाहिनी शिवतात कशी? चार-पाच मिलिमीटर रुंदीच्या मऊ नळीचं गोल तोंड शिवताना सुई पलीकडच्या भिंतीत घुसली, की नळीच बंद. एकोणिसाव्या शतकात ही अडचण मोठमोठ्या डॉक्टरांना सुटली नव्हती. १८९४ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लिऑं शहरात सुऱ्यानं हल्ला झाला. पोटातली मोठी रक्तवाहिनी कापली गेली. ती शिवणं तेव्हाच्या डॉक्टरांना शक्य नव्हतं आणि अध्यक्ष दगावले. त्याच शहरात अलेक्सी कारेल नावाचा तरुण डॉक्टरकी शिकत होता. त्यानं मनावर घेतलं, आणि तो शिकवणीला गेला कुणाकडे? भरतकाम करणाऱ्या मादाम लरूदिए यांच्याकडे! रेशमावर काम करणाऱ्या बाईंनी त्याला बारीक सुई आणि बारीक धागा चालवायला शिकवलं. मग त्यानं युक्ती काढली: गोल तोंडाच्या कडेवर सारख्या अंतरावर तीन टाके घालायचे आणि तीन दिशांना हलके ताणायचे. गोलाचा त्रिकोण होतो. त्रिकोणाच्या बाजू सरळ, आणि सरळ कड शिवणं सोपं. शिवाय ताणल्यामुळे पलीकडची भिंत दूर राहते. १९१२ चं नोबेल पारितोषिक कारेल यांना मिळालं. मादामना मिळालं नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

आता पुन्हा पायाकडे, कारण खरा पेच इथेच आहे. लांब शिरेत झडपा आहेत, दहा-पंधरा तरी. सगळ्यांची तोंडं वर, हृदयाकडे. पण बायपासमध्ये तिच्यातून रक्त न्यायचंय खाली, पावलाकडे. शीर आहे तशी जोडली तर पहिल्याच झडपेशी रक्त अडणार. धमनीतलं जोरदार रक्त वरून आदळणार आणि स्वतःच उघाडी बंद करून घेणार!

थांबा, पुढे वाचू नका. तुम्ही काय केलं असतं?

कुन्लँनी शीर पायातून पूर्ण बाहेर काढली आणि उलटी केली. घोट्याकडचं टोक वर, जांघेकडचं टोक खाली. आता सगळ्या झडपा पावलाच्या दिशेला उघडतात. एकही दार मोडायचं नाही, फक्त नळी फिरवायची. या पद्धतीला उलटी शीर असंच म्हणतात आणि ती आजही जगभर वापरतात.

पण उलटी केल्यानं एक घोळ होतो. शीर घोट्याशी बारीक असते, दोन-तीन मिलिमीटर; जांघेपाशी रुंद, चार-पाच. धमनीही वर रुंद आणि खाली बारीक. शीर उलटी केली की बारीक टोक रुंद धमनीला जोडायचं आणि रुंद टोक बारीक धमनीला. सर्जन शिरेचं टोक तिरकं कापून तोंड मोठं करतात आणि निभावून नेतात. दुसरा घोळ म्हणजे पीळ. लांबलचक, मऊ नळी बोगद्यातून ओढून नेताना कुठेतरी तिला पीळ पडतो, आणि पीळ पडला की सगळी मेहनत फुकट. त्यासाठी काही सर्जन काय करतात ठाऊक आहे? शिरेवर एका बाजूनं टोकापासून टोकापर्यंत पेनानं रेघ मारून घेतात. रेघ सरळ दिसतेय तोवर पीळ नाही. मोठी माणसं मोठ्या शस्त्रक्रियेत रेघा मारतात, हे वाचून मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या गटाचे डॉक्टर म्हणाले, शीर हलवताच कशाला? ती धमनीच्या जवळून, त्याच दिशेनं जातेय. तिला तिथेच राहू द्या, फक्त वरचं टोक सोडवून वरच्या धमनीला जोडा, खालचं टोक खालच्या धमनीला. रुंदाला रुंद, बारकाला बारीक. शिवाय शिरेच्या भिंतीलाही स्वतःचं रक्त लागतं, आणि ते पुरवणाऱ्या अगदी बारीक वाहिन्या आजूबाजूच्या मांसातून येतात. शीर बाहेर काढली की त्या तुटतात. जागच्या जागी ठेवली तर बऱ्याचशा शाबूत राहतात. पण मग झडपांचं काय? त्या तोडायच्या, एकेक करून, आतून. नॉर्वेतल्या ऑस्लोचे कार्ल व्हिक्टर हॉल यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत नावारूपाला आणली, आणि पुढे अमेरिकेतल्या ऑल्बनीच्या सर्जनांनी १९७० च्या दशकाअखेर ती पुन्हा उचलून धरली.

झडप तोडायचं हत्यार म्हणजे लांब, लवचीक सळई आणि तिच्या टोकाला उलटं वळलेलं बारीक पातं. ते वापरायची पद्धत मला सगळ्यांत जास्त आवडते. आधी शिरेचं वरचं टोक धमनीला जोडतात आणि रक्त सोडतात. रक्त वरून येऊन पहिल्या झडपेवर आदळतं, झडप गच्च मिटते, तिचे पदर ताणले जातात. आता खालून सळई आत सरकवायची, झडपेच्या पलीकडे न्यायची आणि हळूच खाली ओढायची. ताणलेला पदर पात्यात अडकतो आणि कापला जातो. उघाडी जितकी घट्ट मिटलेली, तितकी ती तोडायला सोपी! एक झडप गेली की रक्त पुढच्या झडपेपर्यंत धावतं आणि तीही आपणहून तयार होऊन बसते.

यातही काटे आहेत. पातं झडपेऐवजी भिंतीला लागलं तर शिरेचं आतलं अस्तर खरवडलं जातं. हे अस्तर म्हणजे एका पेशीच्या जाडीचा, अत्यंत गुळगुळीत थर. तोच रक्ताची गुठळी होऊ देत नाही. एखादी झडप अर्धवट राहिली तर पुढे तिथेच अडतं. आणि लांब शिरेला वाटेत बऱ्याच शाखा येऊन मिळतात. शीर बाहेर काढताना त्या दिसतात, बांधता येतात. जागच्या जागी ठेवली तर त्या शोधून काढून बंद कराव्या लागतात, नाहीतर पावलाकडे निघालेलं धमनीचं रक्त मधल्यामधे दुसऱ्या शिरांत निसटून हृदयाकडे परत जातं आणि पाऊल उपाशीच राहतं.

तिसरीही एक वाट आहे, दोघांच्या भांडणात मधला मार्ग काढणारी. शीर बाहेर काढायची, पण उलटी करायची नाही. झडपा तोडायच्या आणि हव्या त्या जागी सरळच बसवायची. ज्यांची खराब धमनी शिरेपासून दूर आहे त्यांना ही सोयीची.

मग जिंकलं कोण? आता बघा, हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. समजा, एका सर्जनला उलटी शीर आवडते. तो चांगल्या, जाड शिरेच्या रुग्णांना नकळत आपली आवडती पद्धत देईल आणि अवघड रुग्ण दुसऱ्या पद्धतीकडे ढकलेल. मग निकाल काय लागणार ते आधीच ठरलं! म्हणून १९८० च्या दशकात सर्जनांनी चाचण्या घेतल्या त्या चिठ्ठी टाकून. कुणाला कोणती पद्धत, हे सर्जननं नव्हे, नशिबानं ठरवायचं. मग काही वर्षं मोजत बसायचं, किती शिरा अजून वाहत्या आहेत. आणि निकाल? बरोबरी. कधी इकडे थोडं जास्त, कधी तिकडे, पण मोठा, पक्का फरक दिसला नाही. मांडीतून गुडघ्यापर्यंत नेलेल्या चांगल्या शिरेच्या बायपासपैकी, कोणत्याही पद्धतीनं केल्या तरी, पाच वर्षांनी साधारण दहापैकी सात चालू असतात.

मला मनातून दुसरा गट जिंकायला हवा होता, त्या पात्याच्या युक्तीसाठी. पण माझ्या आवडीला कोण विचारतो!

फरक पडतो तो शीर कशी जोडली यापेक्षा शीर कशी आहे यानं. निदान तीन मिलिमीटर रुंद, आतून गुळगुळीत, सलग एकाच तुकड्यात मिळणारी शीर असली तर काम छान होतं. म्हणून आता शस्त्रक्रियेच्या आधी सोनोग्राफीनं शीर शोधतात, रुंदी मोजतात आणि पायावर मार्करनं तिची वाट आखून ठेवतात. २०२२ मध्ये बेस्ट-सीएलआय नावाच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. १,८३० रुग्णांत बायपासची तुलना फुगा आणि स्टेंटशी, म्हणजे बंद धमनीत आतून फुगा फुगवून किंवा जाळीची नळी बसवून वाट मोकळी करण्याशी, केली होती. ज्यांची लांब शीर चांगली होती त्यांच्यात बायपास उजवी ठरली. ज्यांची तशी नव्हती त्यांच्यात दोन्ही जवळपास सारखेच. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधली बेसिल-२ ही चाचणी आली. तिच्यात गुडघ्याखालच्या धमन्यांच्या रुग्णांचा विचार होता, आणि तिथे फुग्याची बाजू वरचढ ठरली. म्हणजे हा सामना अजून चालूच आहे, आणि तुमच्यापैकी कुणी सर्जन होईल तेव्हाही तो चालू असण्याची मला दाट शंका आहे.

एका गोष्टीचं मात्र शीर उलटी करणाऱ्या आणि जागीच ठेवणाऱ्या, दोन्ही गटांना सारखंच नवल वाटतं. शीर जन्मभर कमी दाबात जगलेली असते. आडवे झालात की तिच्यातला दाब धमनीच्या दाबापुढे अगदीच किरकोळ. धमनीला जोडल्याबरोबर तिच्यावर दर ठोक्याला १२० च्या आसपासचा दाब येतो, दिवसातून लाखभर वेळा. तरी ती फाटत नाही. काही आठवड्यांत तिची भिंत जाड व्हायला लागते, स्नायूंच्या पेशी वाढतात, आणि शीर धमनीसारखी वागायला लागते. कुणी शिकवलं नाही तिला. फक्त कधीकधी ती या कामात अति उत्साह दाखवते. भिंत आतल्या बाजूला वाढतच जाते आणि वाट पुन्हा अरुंद होते. पहिल्या दोन वर्षांत हे जास्त होतं, म्हणून बायपासनंतर ठरल्या वेळी सोनोग्राफीला जायचं असतं. आबा कंटाळा करतील. तुम्ही मागे लागा.

आणि तंबाखू सुटलेला हवाच. रायगडात बिडी, मशेरी, तंबाखूची पुडी घरोघर दिसते, तेव्हा हे नीट ऐका. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी एका रोगाचं सविस्तर वर्णन केलं, तो आता बर्गरचा रोग म्हणूनच ओळखला जातो. तो बहुतांशी तंबाखू ओढणाऱ्या तरुण माणसांना होतो, आबांच्या वयाच्या नव्हे, बाबांच्या वयाच्या. यात पावलाजवळच्या बारीक धमन्याच बंद होतात. बायपासची नळी वरून आणली तरी खाली जोडायला मोकळी धमनीच उरत नाही, त्यामुळे उत्तम सर्जनसुद्धा हात टेकतो. तंबाखू पूर्ण सोडणं हाच त्यावरचा मुख्य इलाज.

बरं, लांब शीरच नसेल तर? असं पुष्कळांचं होतं, कारण हृदयाच्या बायपाससाठीही हीच शीर वापरतात. अर्जेंटिनाचे रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला ती पद्धत रुळवली. एखाद्या आजीची पायातली शीर दहा वर्षांपूर्वी हृदयाला लागलेली असते. मग दुसऱ्या पायातली बघायची, दंडातली बघायची, तुकडे जोडायचे. तेही नसेल तर कापडाची किंवा प्लास्टिकची नळी.

कापडाची नळी कशी आली तेही सांगतो. अमेरिकेत आर्थर व्हूरहीस यांना १९४७ च्या सुमारास कुत्र्याच्या हृदयात राहिलेला रेशमी दोरा दिसला. त्याच्यावर शरीरानं चकचकीत अस्तर चढवलं होतं. मग कापडाच्या नळीवरही चढवेल की! पॅराशूटच्या कापडाच्या नळ्या करून १९५२ मध्ये त्यांनी हे दाखवलं. ह्यूस्टनचे मायकेल डीबेकी त्याच सुमारास कापड आणायला एका मोठ्या दुकानात गेले. त्यांना नायलॉन हवं होतं, ते संपलं होतं. दुकानदारानं डॅक्रॉन दाखवलं. त्यांनी ते घरी नेलं आणि बायकोच्या शिवणयंत्रावर नळ्या शिवल्या. डॅक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर, तुमच्या आजोबांच्या टेरिकॉटच्या शर्टात असायचं तेच. पोटातल्या जाड महाधमनीसाठी डॅक्रॉन उत्तम ठरलं आणि अजून वापरतात. पण गुडघ्याच्या खाली, बारीक नळीत आणि मंद प्रवाहात, कृत्रिम नळी शिरेपेक्षा फार लवकर तुंबते.

म्हणून आता प्रयोगशाळेत नळ्या वाढवतात. विरघळणाऱ्या जाळीच्या नळीवर दुसऱ्या माणसाच्या स्नायूपेशी पेरायच्या. त्या पेशी आपल्याभोवती मजबूत तंतू विणतात, जाळी विरघळून जाते. मग पेशी धुऊन टाकायच्या, म्हणजे रुग्णाचं शरीर तिला परकं म्हणून नाकारणार नाही. उरते सहा मिलिमीटर रुंदीची तयार नळी, कुणालाही चालणारी. तिच्यात झडपा नाहीत, त्यामुळे उलटी की सरळ हा प्रश्नच मिटला. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी अशा पहिल्या नळीला परवानगी दिली, पण फक्त हातापायांच्या धमन्यांना मोठी इजा झालेल्या प्रौढांसाठी, पाय किंवा हात जाण्याची वेळ आली असेल तेव्हा. आणि परवानगीत आणखी एक अट घातली: रुग्णाची स्वतःची शीर वापरता येत नसेल, तरच.